‘त्याला कुणी सांगितलं होतं उतरायला?’



विहिरीचा गाळ काढताना इंजिनच्या धुरानं एखादा गडी आत कोसळतो. काठावरचा दुसरा मागचापुढचा विचार न करता खाली उतरतो आणि तोही वर येत नाही. पहिल्याच्या घरी नुकसानभरपाईचं काय ते बोलणं होतं. दुसऱ्याच्या घरी मात्र दहाव्याला आलेली माणसं हळूच एक प्रश्न विचारतात, “अहो, पण त्याला कुणी सांगितलं होतं उतरायला?”

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्याच प्रश्नात त्या घराचा हक्क बुडतो. कामावर नव्हता, मजुरी घेत नव्हता, कुणी पाठवलं नव्हतं. मग द्यायचं कुणी आणि कशापोटी? हा विचार आपण सहकारातल्या माणसांनी तरी नीट करायला हवा. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

विलायतेतला एक निकाल

हाच प्रश्न इंग्लंडमधल्या न्यायालयात आला होता. ‘बेकर विरुद्ध हॉपकिन्स’ या नावानं तो खटला ओळखला जातो आणि अपील न्यायालयाचा निकाल 1959 सालचा आहे. हॉपकिन्स यांच्या कंपनीनं एक विहीर साफ करण्याचं काम घेतलं होतं. पाणी उपसायला पेट्रोलवर चालणारा पंप विहिरीतच, आतल्या फळ्यांवर बसवला. पंप चालला तसा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साठला. “मी येईपर्यंत खाली उतरू नका,” असं मालकानं बजावलं होतं, तरी दोन कामगार उतरले आणि बेशुद्ध पडले. गावातले डॉक्टर बेकर धावत आले. आगीचा बंब येईपर्यंत थांबा, असं लोक सांगत होते. पण खालची माणसं तोवर जगतील याची खात्री कुणाला होती? डॉक्टरांनी कमरेला दोर बांधला आणि ते उतरले. त्यांनाही वायू लागला. वरच्यांनी दोर ओढला, पण तो मध्येच अडकला. दोन्ही कामगार गेले आणि डॉक्टरही गेले.

कंपनीचं म्हणणं आपल्या ओळखीचंच होतं. डॉक्टर आपखुशीनं उतरले, धोका माहीत असून उतरले, त्याला आम्ही काय करणार? न्यायालयानं ते मानलं नाही. ज्यानं हयगयीनं धोका उभा केला, त्यानं हेही ओळखून असलं पाहिजे, की माणूस संकटात सापडला म्हणजे दुसरा माणूस त्याला वाचवायला येणारच. तेव्हा वाचवायला आलेल्याची जबाबदारीही त्याच्याच माथी. डॉक्टरांच्या पश्चात भरपाई मंजूर झाली.

म्हणजे ‘कुणी सांगितलं होतं’ या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की माणुसकीनं सांगितलं होतं, आणि कायद्यालाही ते ऐकू येतं.

चूक कुणाचीच नसेल तेव्हा

पण दरवेळी बोट दाखवायला कंपनी नसते. नदीला पूर येतो, पोर वाहून जातं, एखादा तरुण उडी मारतो. इथं दावा कुणावर लावायचा? अशा वेळी काही देशांत सरकार स्वतः पुढं येतं.

जर्मनीत अपघात-विम्याच्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे, की अपघातात किंवा सार्वजनिक संकटात दुसऱ्याच्या मदतीला जाणारा माणूस त्या क्षणापुरता विमा उतरवलेलाच समजावा. हप्ता नाही, अर्ज नाही, सभासदत्व नाही. दवाखान्याचा खर्च, अपंगत्व आलं तर पेन्शन, मृत्यू झाला तर विधवेला आणि मुलांना पेन्शन. मदत करताना कपडे किंवा वस्तू यांचं नुकसान झालं, तर अर्ज केल्यावर तेही मिळतं. जपानात 1952 सालापासून कायदा आहे. पोलिसांना मदत करताना किंवा बुडत्याला, अपघातात सापडलेल्याला वाचवताना नागरिक जखमी झाला वा मेला, तर त्याला वा त्याच्या कुटुंबाला सरकारी लाभ मिळतो. दक्षिण कोरियानं असाच कायदा 1970 साली केला.

या देशांनी यात उपकार मानलेला नाही, हिशेब मांडला आहे. त्या क्षणी तिथं पोलीस नव्हता, बंब नव्हता, सरकारचा माणूस नव्हता. सरकारचं काम एका वाटसरूनं केलं. मग त्या कामाचा धोका एकट्या त्याच्या घरानं का सोसावा?

आपल्याकडं काय आहे

आपल्याकडं मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. अपघातग्रस्ताला नेणाऱ्याला त्रास देऊ नये, यासाठीच्या सूचना 30 मार्च 2016 च्या निकालानं बंधनकारक झाल्या. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-गाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला 2021 साली पाच हजार रुपये बक्षीस ठरलं. 2025 साली ते पंचवीस हजार झालं.

पण बारकाईनं पाहा. हे कायदे मदत करणाऱ्याला खटल्यापासून वाचवतात आणि धडधाकट परतलेल्याला बक्षीस देतात. जो परतलाच नाही, त्याच्यासाठी जर्मनीसारखा एक सरळ कायदा आपल्याकडं नाही. त्याच्या घरच्यांना निरनिराळ्या दारांवर जावं लागतं. ती दारं माहीत असावीत म्हणून खाली देत आहोत.

पहिलं दार रस्त्याचं. हंगामात रात्री ऊसगाडी उलटते, लोक मदतीला धावतात आणि मागून येणारं वाहन त्यांनाच उडवतं. अशा वेळी मदत करणारा हा कायद्याच्या दृष्टीनं अपघातग्रस्तच असतो. कलम 164 प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मागता येतात. जास्त नुकसान झालं असेल, तर त्याऐवजी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडं कलम 166 खाली दावा लावता येतो. तो सहा महिन्यांच्या आत लावावा. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे.

दुसरं दार शेतकऱ्याचं. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. खातेदार शेतकरी आणि घरातला आणखी एक जण, वय 10 ते 75. बुडून मृत्यू, विजेचा धक्का, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात असे प्रकार तीत धरले आहेत. मृत्यूबद्दल दोन लाख. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर एक लाख. तो स्वतःच्या कामाला गेला होता की दुसऱ्याच्या मदतीला, यानं इथं फरक पडत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांत करायचा. मात्र सातबारा नसलेला मजूर या योजनेत बसत नाही, आणि मदतीला उतरणाऱ्यांत असे हात पुष्कळ असतात.

तिसरं दार आपत्तीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला महापुरात लोकांना बाहेर काढताना नाव उलटली, हे आपल्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृताच्या वारसांना चार लाख रुपये आहेत, आणि मदतकार्यात असताना मृत्यू आलेला माणूसही त्यात स्पष्टपणे धरलेला आहे. ही ओळ पुष्कळांना ठाऊक नसते. तहसील कचेरीत ती दाखवून बोलावं.

चौथं दार मानाचं. जीव वाचवणाऱ्यांसाठी 1961 पासून राष्ट्रपतींच्या हस्ते नव्हे, तर राष्ट्रपतींच्या मंजुरीनं जीवन रक्षा पदकं दिली जातात. ती मरणोत्तरही मिळतात. शिफारस राज्य शासनाकडून जाते. गावानं ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठपुरावा केला पाहिजे. घरच्यांना दुःखात ते सुचत नाही.

कागद आधी जपा

या साऱ्या दारांची किल्ली एकच, पहिल्या दिवसाचा कागद. पोलिसांतली खबर, स्थळ पंचनामा, पोलीस पाटलाचा अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल आणि गाव नमुना 6-क मधली वारसाची नोंद. पंचनाम्यात नुसतं ‘पाय घसरून पडला’ असं लिहू देऊ नका. ‘आत पडलेल्यास वाचवण्यासाठी उतरला’ हे शब्द पंचांनी घालायला लावावेत. या चार शब्दांवर पुढं सगळं ठरतं.

आणि दुसरा बळी जाऊ नये म्हणून

भरपाई मिळाली तरी माणूस परत येत नाही. म्हणून हेही सांगतो. इंजिन विहिरीत उतरवू नका, धूर आतच कोंडतो. कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीवर विसंबू नका. हवेतला प्राणवायू कमी झाला तर कंदील विझतो, पण इंजिनच्या विषारी वायूत तो तेवत राहतो. त्या वायूला वासही नसतो. सांडपाण्याच्या आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजू नये. आधी 112 ला फोन, रुग्णवाहिकेसाठी 108. आत हवा खेळती करा. शुद्धीवर असलेल्याला दोर सोडून वरून ओढा. श्वासाचं साधन नसताना कुणी उतरू नये, आणि काठावर एक तरी वडीलधारा माणूस असा हवा, जो दुसऱ्याला धरून ठेवील.

आता आपलं काम

सरकारनं एक सरळ कायदा करावा, ही मागणी आपण जरूर करू. पण तोवर कारखान्याच्या सभासद कल्याण निधीतून, मदत करताना जायबंदी झालेल्या वा मृत्यू पावलेल्या माणसाच्या घराला मदत देण्याचा नियम करता येईल का? तो सभासद असो वा तोडणी मजूर, हा भेद न ठेवता. येत्या सर्वसाधारण सभेपुढं हा विषय यावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलं म्हणणं गट कार्यालयात लेखी द्यावं.

कारखाना उभा राहिला तेव्हा शेअर कुणी कुणाच्या सांगण्यावरून घेतला नव्हता. एकानं दुसऱ्यासाठी जोखीम घेतली, म्हणून ही चिमणी उभी आहे. तेव्हा विहिरीत उतरलेल्या माणसाबद्दल ‘त्याला कुणी सांगितलं होतं’ असं आपल्या तोंडून तरी येऊ नये. त्याच्या घराला काय लागतं, एवढंच आपण विचारावं.