जुन्या लोडरची चाल : निदान आणि दुरुस्ती



वसंतातल्या व्याख्यानाला श्रोते येतात ते इतिहास, वाङ्मय किंवा राजकारण ऐकण्याच्या अपेक्षेने. आजचा विषय तेलाने माखलेल्या हातांचा आहे. परंतु पनवेलात त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात या गावाची ओळख बैलगाडीच्या चाकांचे गाव अशी दिलेली आहे. घाटावरचा गाडीवान माल घेऊन बंदरावर उतरे आणि ऐपत असल्यास परतताना चाकांची एक जोडी घेऊन जाई. तेव्हा चाक फिरते कसे आणि अडते कशाने, ही चौकशी या गावाला परकी नाही.

ते सुतारनेटे मागे पडले. आता आपल्या भोवती कळंबोलीचा लोखंडबाजार आहे, तळोज्याची कारखानदारी आहे, खडीच्या खाणी आहेत, आणि उलव्याची टेकडी कापून उभारलेला विमानतळ आहे, ज्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. या साऱ्या कामांत मोठी यंत्रे डोळ्यांत भरतात. पण गोदामाच्या दारातून आत जाणारे, भट्टीखालची राख ओढणारे, दोन भिंतींच्या मध्ये जागच्या जागी गिरकी घेणारे एक बुटके यंत्र असते, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याला स्किड लोडर म्हणतात. बोलण्यात मात्र कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला ‘बॉबकॅट’च म्हणतात. पुष्कळदा तो दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा असतो. घेणारा एखादा तरुण असतो, आणि मशीन चालली तर भाडे व भाडे आले तर हप्ता, असा त्याचा हिशेब असतो. अशा माणसाचे यंत्र एका सकाळी एका अंगाला ओढू लागते. कोणीतरी येऊन म्हणतो, “पंप गेला.” पंपाची किंमत ऐकून त्याच्या पोटात गोळा उठतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा ‘पंप गेला’ असा निकाल सर्वांत शेवटी द्यावयाचा असतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत आधी दिला जातो.

यंत्राचा जन्म मोठ्या कारखान्यात झालेला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या खेड्यात सिरिल आणि लुईस केलर या दोघा भावांचा लोहारकामाचा धंदा होता. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्याच्या खांबांमधून फिरून घाण काढील असे यंत्र हवे होते. ते त्यांनी 1957 साली करून दिले. त्याला तीन चाके होती. पुढे मेलरो कंपनीने ती कल्पना उचलली, 1960 साली चार चाकांचे यंत्र काढले, आणि 1962 च्या सुमारास त्याला बॉबकॅट, म्हणजे तिकडचे रानमांजर, हे नाव मिळाले. गावच्या मिस्त्रीच्या हातून जन्मलेले हे यंत्र गावच्या मिस्त्रीला समजू नये, असे काहीच त्यात नाही.

त्याची युक्ती बैलगाडीवरून चटकन ध्यानात येईल. गाडी डावीकडे वळवायची तर गाडीवान डावा बैल आवरतो आणि उजवा हाकतो. लोडरची पुढची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. डाव्या अंगाची दोन चाके एका दांड्याच्या हुकमतीत, उजव्या अंगाची दोन दुसऱ्याच्या. एक अंग थांबवले आणि दुसरे चालवले की यंत्र वळते. एक पुढे आणि दुसरे मागे चालवले की जागीच फिरते. गाडीला दोनच चाके असल्याने ती सुखाने वळते. इथे चार चाके जमिनीवर फरफटत वळतात. ‘स्किड’ हा शब्द त्या फरफटीचा. ही फरफट टायर, साखळ्या, बेअरिंगे आणि तेल सर्वांना भोगावी लागते.

पहिल्या यंत्रांत हे काम क्लच करीत. नंतर तेलाच्या दाबावर चालणारी रचना आली, आणि आज आपल्याकडे जी जुनी यंत्रे आढळतात त्यांत बहुधा तीच असते. इंजिन एकामागे एक जोडलेले दोन पंप फिरवते. प्रत्येक पंपात एक तिरकी होणारी तबकडी असते. दांडा मध्यावर असताना ती सरळ उभी राहते व पंप फिरूनही तेल ढकलत नाही. दांडा पुढे लोटला की ती एका बाजूला कलते, मागे ओढला की दुसऱ्या बाजूला, आणि तेलाचा प्रवाह उलटा होतो. ते तेल जाड नळ्यांतून त्या अंगाच्या मोटरकडे जाते, मोटर फिरते, आणि तेल टाकीत न जाता थेट पंपाकडे परतते. हा बंद फेरा झाला. मोटरच्या पुढे साखळ्या, त्या बंद पेटीत तेलात बुडून फिरतात व त्या अंगाची पुढची-मागची दोन्ही चाके ओढतात.

या बंद फेऱ्यात एक गोम आहे, आणि निम्मे निदान तिच्यावर उभे आहे. पंप आणि मोटर कितीही चोख असली तरी त्यांच्या आतून थोडे तेल निसटतच असते, आणि ते टाकीत जाते. ही तूट भरून काढण्यासाठी एक लहान तिसरा पंप असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. मुख्य फेऱ्यात दाब 200 बारच्या वर चढतो. चार्ज पंपाचा दाब सामान्यतः 10 ते 25 बारांच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तकात पाहावा. हा किरकोळ दिसणारा दाब पडला की दोन्ही मोठे पंप उपाशी राहतात. घरात कर्ता पुरुष सर्वांना दिसतो. पण पाणी भरणारी बाई आली नाही की घर अडते, तसे हे आहे.

आता यंत्र अडले आहे असे समजा. पान्याला हात लावण्यापूर्वी चालवणाऱ्याला चार प्रश्न विचारावे. दोन्ही अंगे मंदावली आहेत की एकच? पुढे जाताना की मागे येताना की दोन्ही वेळा? सकाळी थंड असताना की दुपारी तापल्यावर? एकदम झाले की हळूहळू? या चार उत्तरांची किंमत पुष्कळ मोठी आहे, आणि त्यांना एक पैसा पडत नाही.

दोन्ही अंगे सारखीच मंदावली असतील तर दोन्ही पंप आणि दोन्ही मोटरी एकाच दिवशी झिजल्या, हे मानणे अडाणीपणाचे होय. दोघांना समान असलेली वस्तू शोधावी. तेलाची पातळी, तुंबलेला फिल्टर, हवा ओढणारी शोषणनळी, दम गेलेले इंजिन, पंप फिरवणारा पट्टा किंवा कपलिंग, आणि चार्ज पंप. टाकीतले तेल फेसाळ दिसले तर हवा शिरते आहे. दुधाळ दिसले तर पाणी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे दुसरे फार घडते. तेलही पुस्तकात सांगितलेलेच भरावे. काही जुन्या यंत्रांना हायड्रोलिकसाठी इंजिन ऑइलच सांगितलेले असते, आणि भरणारा मात्र डब्यावरचा ‘हायड्रोलिक’ शब्द पाहून भलतेच ओततो. यंत्र मुळीच हलत नसेल तर आधी सीटवरच्या दांडीचा स्विच आणि ब्रेक पाहावा. तो स्विच तारेने कायमचा जोडून टाकण्याची एक वाईट चाल पडली आहे. चालवणारा खाली उतरताना दांड्याला धक्का लागून यंत्र चालू नये म्हणून तो स्विच असतो. त्याला आंधळा करणे म्हणजे माणसाच्या पायाशी खेळणे होय.

एकच अंग, पण एकाच दिशेला मंद असेल, म्हणजे डावे अंग पुढे रडते व मागे सुरळीत येते, तर मालकाने सुटकेचा श्वास टाकावा. पंप वा मोटर झिजली असती तर ती दोन्ही दिशांना रडली असती. बहुधा त्या दिशेच्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा त्याची स्प्रिंग मोडलेली असते. पुष्कळ पंपांवर पुढच्या आणि मागच्या दिशेचे व्हॉल्व्ह सारखेच असतात. ते आपसांत बदलून लावावे. खोड दुसऱ्या दिशेला गेली तर चोर सापडला. दांड्याची जोडणी ढिली झाल्यानेही तबकडी एका बाजूला पुरती कलत नाही. ती आधी नजरेने तपासावी.

एकच अंग आणि दोन्ही दिशांना, हे प्रकरण खरे अवघड. इथे कान लागतो. दांडा लोटल्यावर इंजिन दबते, घुसमटते आणि तरी चाक हलत नाही, तर तेल आपले काम करीत आहे. अडवणारे काहीतरी पुढे आहे, अडकलेला ब्रेक किंवा पेटीत गुंतलेली साखळी. उलट दांडा लोटूनही इंजिनला त्याची दादच नसेल, तर एक तर दाब तयार होत नाही, नाही तर मोटरच्या दांड्याचे खाचे झिजून ती नुसतीच आत फिरते आहे. एका अंगाचे एक चाक फिरते आणि दुसरे नाही, तर साखळी तुटली. त्यात तेलाचा काहीच संबंध नाही. ही परीक्षा यंत्र मजबूत ठोकळ्यांवर उचलून, चाके अधांतरी ठेवून करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर करू नये, आणि बाहू वर ठेवायचे असतील तर त्यांचा अडणा लावल्याशिवाय खाली वाकू नये.

पंप की मोटर, हा वाद तोडण्याचा उपाय असा. जिथे नळ्यांची लांबी व तोंडे जुळतात तिथे डाव्या-उजव्या मोटरींच्या नळ्या आपसांत बदलाव्या. दुबळेपणा दुसऱ्या अंगाला गेला तर पंपाकडे दोष. त्याच अंगाला राहिला तर मोटरीकडे किंवा तिच्या पुढे. मात्र या वेळी डावा दांडा उजवी चाके चालवील, हे सर्वांना सांगून ठेवावे आणि चाके अधांतरीच असावी. ज्या मोटरीला निसटत्या तेलाची स्वतंत्र नळी असते तिथे आणखी सोपे आहे : दोन्ही नळ्या मापाच्या डब्यांत सोडून सारख्याच कामात, सारखाच वेळ चालवून तेल मोजावे. एका डब्यात दुसऱ्याच्या कितीतरी पट तेल आले तर साक्षीपुराव्याची गरज उरत नाही.

सकाळी धडधाकट आणि दुपारी मरगळलेले यंत्र, ही तक्रार आपल्याकडे मे महिन्यात फार ऐकू येते. तेल तापले की पातळ होते, आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटते. चार्ज पंपाला तूट भरता येईनाशी होते. म्हणून चार्जच्या दाबाला गेज लावावे ते यंत्र तापवून. थंड यंत्रावर घेतलेला आकडा खोटे प्रमाणपत्र देतो. त्याआधी तेलाचा कूलर धुवावा. सिमेंटची किंवा कोळशाची धूळ त्याच्या पात्यांत थापून बसलेली असते, आणि केवळ तेवढ्यावर पंप बदलायला निघालेले लोक असतात.

साखळीच्या पेटीची कोणी विचारपूस करीत नाही. यंत्र पुढे-मागे करताना ‘खट्’ असा आवाज येऊन मग चाल लागत असेल तर साखळी सैल आहे. पेटीचे झाकण काढून ती हाताने हलवून पाहावी व पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ताणावी. पेटीतले तेल तपकिरी-दुधाळ असेल तर चाकाच्या सीलमधून पाणी शिरले. आणि टायर! एका अंगाची दोन्ही चाके साखळीने बांधलेली असतात. पुढे नवा टायर आणि मागे गुळगुळीत झालेला घातला तर दोघांच्या परिघात फरक पडतो, आणि सरळ जातानाही ती चाके साखळीमार्फत एकमेकांशी झटत राहतात. यंत्र किंचित एका अंगाला ओढते एवढीच तक्रार असेल तर सर्वांत आधी चारही टायरांतली हवा मोजावी.

गळती शोधताना नळीवरून हात फिरवणे ही आत्मघाताची सवय आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेले तेल कातडीच्या आत शिरते. जखम दिसत नाही, दुखतही नाही, आणि पुढे बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे, आणि असे काही झालेच तर तासाभराचीही वाट न पाहता इस्पितळ गाठावे. बंद पडलेले यंत्र दोरीने ओढून नेणे हेही चूक. चाके मोटरीला बांधलेली असल्याने ओढताना मोटर फिरते आणि कोरडी झिजते. पुस्तकात सांगितलेली तोड केल्याशिवाय ते ओढू नये.

सर्व पाहून अखेर पंपच गेला असे ठरले, तर खरी जोखीम पुढेच आहे. फेरा बंद असल्याने एका अवयवाचा किस दुसऱ्याच्या पोटात जातो. मोटर फुटली, तिचा चुरा फेऱ्यात राहिला, मालकाने कर्ज काढून नवा पंप आणला, आणि तो थोडक्या दिवसांत तसाच रडू लागला, ही गोष्ट वर्कशॉपमध्ये नवी नाही. तेव्हा जुना फिल्टर कापून त्याची घडी उजेडात उलगडावी. पिवळी चमक म्हणजे पितळी भागांचा चुरा, चुंबकाला चिकटते ते पोलाद. दोन्हीपैकी काहीही आढळले तर नळ्या, कूलर आणि टाकी धुतल्याशिवाय नवा भाग बसवू नये. नळी सोडली की त्याच क्षणी तोंडाला स्वच्छ बूच लावावे. चिंधी कोंबू नये, तिचे धागे आत जातात. नवा पंप कोरडा फिरवू नये. त्याच्या पोटात आधी स्वच्छ तेल भरावे, इंजिनचे इंधन तोडून स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे, आणि चार्जचा दाब गेजवर उभा राहिल्यावरच इंजिन मंद गतीवर चालू करावे. चाके काही मिनिटे अधांतरी दोन्ही दिशांना फिरवावी, तेल पुन्हा पाहावे, मग यंत्र जमिनीवर घ्यावे. सपाट जागेवर दोन्ही दांडे पूर्ण पुढे लोटून ते सरळ जाते का पाहावे, आणि ही परीक्षा तापल्यावर पुन्हा घ्यावी. हा पहिला फिल्टर नेहमीची मुदत भरेपर्यंत ठेवू नये. काही दिवसांच्या कामानंतरच काढून तोही कापून पाहावा.