निर्णयांचे दप्तर

२०१० सालच्या पावसाळ्यात माझ्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, आणि तिच्यातील पत्रांबरोबर, छायाचित्रांबरोबर, कितीतरी दिवस जपून ठेवलेली एक लहानशी फाइलही कायमची गेली. ‘मास इफेक्ट’ नावाच्या व्हिडिओ गेमची ती फाइल होती; पहिल्या भागात मी कोणते निर्णय घेतले, कोणाला वाचवले, कोणाला दुखावले याची समग्र नोंद तिच्यात होती, आणि दुसरा भाग सुरू करताना ती रुजू केली म्हणजे मागची हकीकत खंड न पडता पुढे चालू राहत असे. नोंद नसली तरी खेळ अडत नाही, म्हणून मी तो तसाच सुरू केला, आणि यथाकाल टुचांका नावाच्या उजाड, भग्न ग्रहावर, रेक्स हा जुना सोबती भेटेल अशा अर्धवट आशेने जाऊन पोहोचलो, तो तेथील दगडी आसनावर त्याचा भाऊ रीव्ह बसलेला. नोंदीच्या अभावी खेळाने आपल्यापुरता एक इतिहास गृहीत धरला होता, आणि त्या इतिहासात रेक्स केव्हाच मारला गेला होता. त्याला वाचवण्यासाठी मी जे केले होते त्याला आता माझ्यावाचून कोणीही साक्षीदार उरला नव्हता. मला त्या दिवशी जे दुःख झाले ते खरे होते, आणि या मालिकेवर असंख्य लोकांचा इतक्या वर्षांनंतरही जो लोभ टिकून आहे त्याचे मर्म मला त्या दुःखातच प्रथम उमगले.

ही मालिका घडली ती कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरी, बायोवेअर या संस्थेत. १९९५ साली ज्यांनी तिची स्थापना केली त्यांपैकी रे म्युझिका आणि ग्रेग झेशुक हे दोघे अल्बर्टा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर होते, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी संगणकाचे कार्यक्रम तयार करणे हा त्यांचा आरंभीचा उद्योग होता. तीन भागांची ही कथा केसी हडसन यांच्या दिग्दर्शनाखाली सिद्ध झाली. पहिल्या भागाचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन हे होते. नोव्हेंबर २००७, जानेवारी २०१० आणि मार्च २०१२ अशा क्रमाने हे तीन भाग प्रसिद्ध झाले, म्हणजे ज्याने ते निघतील तसे खेळले त्याच्या आयुष्याची चार-साडेचार वर्षे या एका कथेच्या सहवासात गेली.

कथेचा काळ बाविसाव्या शतकाचा. २१४८ साली मंगळावर प्रोथियन नावाच्या एका लुप्त जातीचे अवशेष सापडतात, आणि त्यांच्या अभ्यासातून असे निष्पन्न होते की प्लूटोचा उपग्रह म्हणून आपण ज्याला ओळखतो तो कॅरन म्हणजे वस्तुतः बर्फाच्या आवरणाखाली दडलेले एक महायंत्र असून जहाजाला क्षणार्धात दूरच्या ताऱ्यापाशी नेऊन सोडण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी आहे. त्या वाटेने मानव बाहेर पडतो, तो आकाशगंगा आधीच वसलेली आहे असे त्याला आढळते: सिटाडेल नावाच्या प्रचंड अवकाशस्थानकात असारी, सलॅरियन आणि ट्युरियन या तीन जातींची परिषद अंमल चालवीत आहे, तिच्या पदरी मुत्सद्दी आहेत, जुने तहनामे आहेत, निकाल न लागलेले कज्जे आहेत, आणि मानव तेथे काल आलेला उमेदवार आहे. आपल्या हाती सूत्रे येतात ती कमांडर शेपर्ड या अधिकाऱ्याची. हे आडनाव ॲलन शेपर्ड या अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरावरून घेतलेले असून, शेपर्ड स्त्री असावी की पुरुष असावा हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची प्रचंड सजीव यंत्रे येऊन आकाशगंगेतील प्रगत संस्कृतींचा समूळ उच्छेद करतात, प्रोथियनही असेच नामशेष झाले, आणि ती मुदत आता पुन्हा भरत आली आहे, हे शेपर्डला हळूहळू कळत जाते. डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी ज्याने वाचली आहे, त्याला गतसंस्कृतीने जमिनीखाली ठेवून दिलेला ज्ञानाचा ठेवा आणि त्याच्या पाठोपाठ चालून येणारे अरिष्ट ही जोडी परिचयाची वाटेल.

केवळ कल्पना भव्य असल्या म्हणजे त्या टिकतातच असे नाही. येथे त्यांना शिस्त आहे. खेळाच्या कर्त्यांनी विज्ञानाकडून एकच मोठी सवलत मागून घेतली: विद्युत्प्रवाह सोडला असता आपल्या प्रभावक्षेत्रातील वस्तुमान कमी किंवा अधिक करणारे एक द्रव्य त्यांनी कल्पिले, आणि जहाजांचा वेग, बंदुकांची शक्ती, अंगाभोवतीची संरक्षक कवचे हे सर्व त्या एका गृहीतावरून क्रमाक्रमाने सिद्ध करून दाखवले. खेळात ‘कोडेक्स’ नावाचा एक कोश आहे. शेपर्डचे जहाज नॉर्मंडी शत्रूला दिसत नाही असे म्हणून तो थांबत नाही. अवकाश अतिशीत आहे, तेथे उष्णता वाहून नेण्यास वारा नाही की पाणी नाही, तेव्हा जहाजात निर्माण होणारी उष्णता केवळ प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या थंड अंधारात दुरूनही ओळखू येते. म्हणून नॉर्मंडी ती काही तास आपल्या पोटातच साठवून ठेवते, आणि वेळेवर बाहेर सोडली नाही तर आतील माणसे भाजून निघतील, असे तो कोश बजावतो. खेळणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ही पाने वाचत असतील. परंतु कोणी वाचो अथवा न वाचो, ती लिहिली गेली आहेत, याचा एक अदृश्य भरवसा साऱ्या कथेला लाभतो; चांगल्या ऐतिहासिक कादंबरीमागे लेखकाने चाळलेली बखर जशी बोलत नसली तरी जाणवते, तसाच हा प्रकार आहे.

आता मुख्य गोष्ट. या खेळात लढाया आहेत, परंतु त्याचा प्राण संभाषणात आहे. समोरचे पात्र बोलून थांबले की उत्तराचे काही पर्याय एका वर्तुळाभोवती मांडलेले दिसतात. त्यांतला एक निवडला की शेपर्ड आपल्या आवाजात तो भाव पूर्ण वाक्यांत बोलून दाखवते. स्त्री-शेपर्डला जेनिफर हेल यांनी आणि पुरुष-शेपर्डला मार्क मीर यांनी आवाज दिला आहे. जेनिफर हेल यांच्या स्वरात अधिकार आणि थकवा असे एकत्र नांदतात की मी ही कथा दुसऱ्या आवाजात कल्पूच शकत नाही. असे बोललेले, केलेले, टाळलेले सर्व काही त्या फाइलीच्या दप्तरात नोंदले जाते, आणि पुढच्या भागात, आपण ते विसरून गेलेलो असताना, कोणाच्या तरी तोंडून आपल्यापुढे येते. आपल्याकडे संचित आणि प्रारब्ध असे दोन शब्द आहेत. साठलेले कर्म आणि त्यातून फळाला आलेले कर्म. या खेळाची रचना समजावून सांगण्यास मला याहून नेमके शब्द सापडलेले नाहीत.

क्रोगन जातीच्या प्रकरणात हे जितके उत्कटतेने प्रत्ययास येते तितके अन्यत्र क्वचितच. हे क्रोगन म्हणजे धिप्पाड, कठोर, हजार वर्षांहूनही अधिक जगणारे योद्धे. कधी काळी एका कीटकसदृश शत्रूशी परिषदेचे युद्ध चालले असता सलॅरियन शास्त्रज्ञांनी या मागासलेल्या जातीला शस्त्रे दिली, जहाजे दिली, तिला पुढे आणले, आणि तिने युद्ध जिंकून दिले. परंतु जिंकल्यावर तिची संख्या अनावर वाढू लागली आणि ती दुसऱ्यांचे प्रदेश बळकावू लागली. तेव्हा त्याच सलॅरियनांनी जीनोफेज नावाचे एक जैविक अस्त्र घडवले आणि ट्युरियनांनी ते क्रोगनांवर सोडले. या जीनोफेजने कोणी मरत नाही, मात्र त्यानंतर हजार गर्भांतून जेमतेम एक जीव वाचतो. एका जातीचा पाळणाच असा हलायचा थांबवण्यात आला. रेक्स हा त्या जातीचा. पहिल्या भागात विर्मायर ग्रहावर असे उघड होते की शत्रूच्या प्रयोगशाळेत जीनोफेजवर उपाय सापडला आहे, आणि ती प्रयोगशाळा उद्ध्वस्त करणे शेपर्डला भाग आहे. रेक्स समुद्रकाठी बंदूक रोखून उभा राहतो. त्याची समजूत घालता आली तर तो वाचतो. न आली तर तेथेच मरतो.

दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस हा सलॅरियन वैज्ञानिक आपल्या पथकात येतो. त्याच्या जातीचे आयुष्य उणेपुरे चाळीस वर्षांचे, त्यामुळे तो घाईने, अर्ध्या वाक्यांत बोलतो, आणि क्रोगनांच्या शरीरावरील जीनोफेजचा परिणाम ओसरू लागलेला पाहून ज्या मंडळींनी तो पुन्हा बळकट केला त्यांत तो अग्रभागी होता. आपण केले ते गणिताच्या दृष्टीने बरोबर होते असे तो पुनःपुन्हा सांगतो, आणि ते तो आपल्याला सांगत नसून स्वतःला सांगत आहे हे आपल्या ध्यानात येऊ लागते. त्याच्या एका जुन्या शिष्याने या रोगावर उपाय शोधण्यासाठी क्रूर प्रयोग केलेले असतात. त्या प्रयोगांचे टिपण जाळायचे की ठेवायचे हे आपण ठरवतो. दोन वर्षांनी, तिसऱ्या भागात, त्याच टिपणाच्या असण्या-नसण्यावर एका क्रोगन स्त्रीचे प्राण अवलंबून असतात, आणि अखेर मॉर्डिन एका कोसळत्या मनोऱ्यावर एकटा चढून जातो, कारण उपाय हवेत मिसळण्याचे ते काम नीट करील असा दुसरा कोणी नाही असे त्याला वाटते. तो गुणगुणत काम करतो, आणि गाणे अर्धे राहते. त्याला दगा देऊन तो उपाय निष्फळ करण्याची मुभाही खेळ आपल्याला देतो. त्या मार्गाने गेल्यास रेक्स एके दिवशी सत्य समजून सिटाडेलवर समोर येऊन उभा राहतो, आणि ज्याला समुद्रकाठी वाचवले त्यालाच मारावे लागते. वैद्यकातून आलेल्यांनी स्थापिलेल्या संस्थेच्या कथेत सर्वांत खोल नैतिक पेच वैद्यकाचाच असावा हा योगायोग असेल. मला तो नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे.

क्वेरियन आणि गेथ यांचा झगडा याच जातीचा आहे. क्वेरियनांनी सेवेसाठी यंत्रे घडवली. त्या यंत्रांनी एके दिवशी आपल्याला आत्मा आहे काय असे विचारले, आणि उत्तर देण्याऐवजी भयभीत झालेल्या मालकांनी त्यांचा संहार मांडला. त्यात क्वेरियनच हरले, मायभूमीला मुकले, आणि तीन शतके जहाजांच्या तांड्यात, मुखवट्याआड जगत राहिले. या दोहोंत समेट घडवता येतो, परंतु तो अखेरच्या क्षणी गोड बोलून होत नाही. टाली या क्वेरियन सोबतिणीच्या चौकशीत पूर्वी तिची बाजू कशी मांडली, तिच्यात आणि लीजन या गेथमध्ये वाद झाला तेव्हा काय केले, असे जुने दाखले त्या वेळी तपासले जातात. पूर्वपुण्याई अपुरी असेल तर एका जातीचा अंत डोळ्यांदेखत पाहावा लागतो.

म्हणूनच २०१२ साली तिसऱ्या भागाच्या शेवटावर जो क्षोभ उसळला तो मला पूर्णतः समजतो. साऱ्या विश्वाचा निर्णय लागण्याच्या वेळी आतापर्यंतच्या सर्व करारमदारांची, मैत्रीची, त्यागाची केवळ एक संख्येत बेरीज झाली, आणि रंगांवाचून फारसा फरक नसलेले तीन शेवट पुढे आले. दप्तर जपले होते, ते उघडलेच गेले नाही. चाहत्यांनी निषेधादाखल बायोवेअरकडे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे परंतु चवीने एकसारखे सुमारे ४०० कपकेक पाठवले. संस्थेने ते दान करून टाकले. त्याच चळवळीतील लोकांनी रुग्णालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला ८०,००० डॉलरांहून अधिक निधी जमवून दिला. जून महिन्यात बायोवेअरने शेवट विस्तारून विनामूल्य दिला. त्याने जखम बुजली नाही, परंतु ज्यांच्याबरोबर इतकी वाट चाललो त्यांचे पुढे काय झाले हे तरी समजले. २०१३ च्या मार्चमध्ये आलेले ‘सिटाडेल’ हे शेवटचे उपाख्यान मला खरा निरोप वाटतो: त्यात जगबुडी बाजूला राहते, आणि हयात असलेले सर्व सोबती शेपर्डच्या घरी एक संध्याकाळ जमतात, एवढेच. कोण जमते हेही मागच्या नोंदीवरच ठरते.

२०१७ साली आलेल्या ‘अँड्रोमिडा’ या चौथ्या खेळाविषयी लिहिण्यासारखे मजजवळ थोडे आहे. तो दुसऱ्या आकाशगंगेत गेला, आणि जाताना ते दप्तर मागे ठेवून गेला.

मे २०२१ मध्ये तिन्ही भागांची नव्याने उजळलेली एकत्रित आवृत्ती निघाली. मी ती घेतली आणि पहिल्यापासून आरंभ केला. विर्मायरच्या किनाऱ्यावर रेक्सने पुन्हा बंदूक रोखली. मी पर्याय दोनदा वाचून मग निवडला. पुढे एक साथीदार बॉम्बपाशी आणि दुसरा मनोऱ्यापाशी अडकला, आणि त्यांपैकी एकालाच सोडवता येते, त्याला उपाय नाही, तो नियम याही वेळी बदलला नव्हता. ही नोंद घेऊन मी दुसऱ्या भागात टुचांकावर उतरलो. त्या दगडी आसनावरून एक धिप्पाड आकृती उठली, मध्ये उभ्या असलेल्यांना बाजूला सारीत पुढे आली, आणि जुन्या मित्राला हाक मारावी तशी तिने शेपर्डला हाक मारली. त्या रात्री मी पुढे खेळलो नाही. फाइलीच्या दोन नकला करून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या.