मिस्साचा द्राक्षारस कसा जपावा?

वेदीची व्यवस्था पाहणाऱ्या बंधुभगिनींकडून द्राक्षारसाविषयी काही प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. त्यांचा येथे थोडक्यात विचार करू.

बाटली आडवी ठेवावी की उभी? बूच कॉर्कचे असल्यास आडवी. त्यामुळे बूच ओलसर राहते; ते सुकून आकसले, तर हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवण्यास हरकत नाही. मात्र ऊन व उष्णता दोन्ही टाळावीत.

उघडलेल्या बाटलीचे काय? हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने जिवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात आणि द्राक्षारसाचा सिरका होतो. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी व लवकर संपवावी. लहान धर्मग्रामांनी लहान बाटल्याच घ्याव्यात.

तळाशी खडे दिसले तर? ते बहुधा टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात. सिरक्यासारखा उग्र वास मात्र धोक्याची खूण होय.

ही काळजी केवळ चवीसाठी नाही. द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षफळाचाच आणि न नासलेला असावा, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम ९२४ सांगते. सिरका झालेल्या द्राक्षारसाने मिस्साबली वैध होत नाही. म्हणून शंका येताच ती बाटली बाजूला ठेवून आपल्या धर्मगुरूंना सांगावे, ही विनंती.