नर्सिंग होमच्या भिंतीवर काय लावले आहे?

नर्सिंग होम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा डॉक्टर, त्याच्या वरच्या मजल्यावरील दहा-पंधरा खाटा आणि खाली मेडिकलचे दुकान येते. सरकारी इस्पितळातील रांगा नकोत, तिथली बोलणी नकोत, म्हणून आपली माणसे भिशी उचलून, दागिना मोडून तिथे जातात. लेकीचे पहिले बाळंतपण असले तर विचारायलाच नको. परंतु या जागेवर सरकारची काही देखरेख असते की नाही, हा प्रश्न आपल्याला बिल हातात पडल्यावरच सुचतो.

देखरेख आहे, आणि तिचा कायदा जुना आहे. १९४९ साली मुंबई राज्याने नर्सिंग होम नोंदणी कायदा केला. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालविता येत नाही, दाखला दर्शनी भागात लावावा लागतो, ठरलेल्या मुदतीनंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि आरोग्य अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार आहे. कागदावर सारे ठीक! पण कितीतरी वर्षे हा कायदा मोठ्या शहरांपुरताच राहिला, आणि तिथेही नोंदणीची फी घेण्यापलीकडे फारसे काही होत नसे. १९९० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, समिती नेमली गेली, तेव्हा कुठे दारे उघडली. सुनील नंदराज यांनी १९९४ साली याच विषयावर लिहिले. राहत्या इमारतीतील अपुऱ्या खोल्या आणि शिक्षण न घेतलेले कर्मचारी हे त्या काळच्या पाहणीतील चित्र होते.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबावे असे आम्हास वाटते, कारण तो आपल्याच घरचा आहे. पांढरा कोट घालून सलाईन लावणारी जी मुलगी आपण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, ती पुष्कळदा आपल्याच वस्तीतील दहावी-बारावी झालेली लेक असते. तिला नर्सिंगचे शिक्षण कोणी दिलेले नसते. पाहून पाहून ती शिकलेली असते. बारा बारा तास उभी राहते आणि महिनाअखेरीस तुटपुंजा पगार घेते. चूक झाली तर रुग्णाचे नातेवाईक तिच्यावरच धावून जातात. मालक केबिनमध्ये असतो. कायद्याने पात्र परिचारिका ठेवण्याची जबाबदारी त्याची आहे, तिची नाही. तेव्हा राग धरायचा तो योग्य दारात धरावा. आणि लेकीला त्या कामाची आवड असेल तर आधी रीतसर अभ्यासक्रमात घालावे.

जानेवारी २०२१ मध्ये शासनाने नियमांत मोठी दुरुस्ती केली. रुग्णहक्कांची सनद आणि ठराविक सेवांचे दरपत्रक लोकांना दिसेल असे लावावे लागते. बिलाचे पैसे बाकी आहेत म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रारींसाठी स्थानिक आरोग्य यंत्रणेने कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवायचा आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या नातेवाइकांनी तक्रार केली की, धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितली. दुसरीकडे नेल्यावर जुळ्या मुली जन्मल्या, आई गेली. शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. हे पुण्यात, वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत. तालुक्याच्या गावी काय होत असेल?

आम्ही अलीकडे ओळखीच्या तीन-चार नर्सिंग होममध्ये सहज डोकावून आलो. दाखला सगळीकडे होता. एका ठिकाणी कॅलेंडरच्या मागे! दरपत्रक एकाच ठिकाणी सापडले. सनदेविषयी विचारले तर काउंटरवरील मुलाने “साहेब आल्यावर विचारा” म्हटले. तपासणीचा अधिकारी शेवटचा कधी आला, हे कुणालाच सांगता येईना. एका अधिकाऱ्याच्या गळ्यात लसीकरणापासून डासांच्या फवारणीपर्यंत सगळे असते, त्यात नर्सिंग होम शेवटी येते हे आम्हास ठाऊक आहे. म्हणूनच लेखी तक्रार आल्याशिवाय फाईल हलत नाही.

तक्रार मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, इतर महापालिकांत मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडे, बाकी ठिकाणी जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी. साधे मराठी चालते. दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. दोन्हीकडे केसपेपर लागतात. त्यांच्या प्रती डॉक्टरने मागणीनंतर ७२ तासांत द्यायच्या असतात. मागणी तोंडी करू नये, चिठ्ठीवर तारीख घालून करावी.