उतारावर ब्रेक कुठे गेला?

शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरून आमची गाडी खाली उतरत होती. गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडची जुनी माणसे तिला अजूनही फियाटच म्हणतात. वडिलांच्या मागे ती बारा वर्षे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. तीन-चार महिने खपून मी आणि गावातल्या एका मिस्त्रींनी तिचे इंजिन उतरवले, रिंगा बदलल्या, रंग दिला, गाद्यांना नवे कापड चढवले. नातेपुत्याच्या पेठेतून निघालो तेव्हा लोक वळून वळून पाहत होते. गाडीत आई, पत्नी, दोन मुले आणि मी. दर्शन झाले, परत निघालो. उतार निम्मा संपला असेल-नसेल, एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि चिखलात पाय रुतावा तसे पेडल खाली गेले. गाडी काही थांबेना.

गिअर खाली आणला, हातब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि मातीच्या ढिगाऱ्याला टेकवून उभी केली. कुणाला काही लागले नाही. आई मात्र पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

कोडे पुढेच आहे. अर्ध्या तासाने मी पेडल पुन्हा दाबून पाहिले, तर ते नेहमीसारखे घट्ट! चाकांजवळ गळती नाही, डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी जिथल्या तिथे. ब्रेक मोडला होता म्हणावे, तर तो आपोआप दुरुस्त कसा झाला?

उत्तर देण्याआधी या गाडीची थोडी ओळख करून घेऊ. आमच्या नातेपुत्याहून उत्तरेला नीरा नदी ओलांडली की वालचंदनगर लागते. ज्यांच्या नावाने ते वसले, ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ पासून फियाट ११०० चा सुधारलेला नमुना इथे तयार होऊ लागला आणि १९७४ च्या सुमारास त्यालाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे हीच गाडी. त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीची वयोमर्यादेची २० वर्षे ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली.

नावातला ११०० हा आकडा कशाचा? इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला पाठ आहे. त्यात या किमती घालून चाराने गुणा. उत्तर सुमारे १०८९ घनसेंटिमीटर येईल. तेच गोळाबेरीज करून अकराशे! या इंजिनात संगणक नाही, संवेदक नाहीत. पाने, स्क्रूड्रायव्हर आणि चिकाटी असेल तर ते घरच्या शेडमध्ये उलगडता येते. माझ्यासारख्या शाळामास्तराला धीर आला तो यामुळेच.

आता कोड्याकडे वळू.

उष्णता गेली कुठे?

डोंगरमाथ्यावरच्या गाडीत स्थितिज ऊर्जा असते. ती गाडी खाली येताना वेग न वाढवता उतरायची, तर ही ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. गाडी आणि माणसे मिळून १२०० किलोग्रॅम धरा आणि उतार २०० मीटर उंचीचा आहे असे समजा. वस्तुमान, गुरुत्वप्रवेग आणि उंची यांचा गुणाकार करा: १२०० × ९.८ × २०० म्हणजे सुमारे साडेतेवीस लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने विहिरीचे सात लिटर पाणी उकळीला येईल. मी गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सगळा उतार ब्रेकवर उतरत होतो. साहजिकच यांतला मोठा भाग चार चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये, घर्षणाच्या रूपाने, ओतला गेला.

ड्रम तापला की आतला सिलिंडर तापतो आणि सिलिंडरमधला द्रवही तापतो. या द्रवाला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते ऑइल नव्हेच. ती ग्लायकॉल जातीची रसायने आहेत. (म्हणूनच त्यात कधी चुकूनही इंजिन ऑइल घालू नये, आतले रबरी वॉशर फुगून निकामी होतात.) पेडल दाबले की पास्कलच्या नियमाप्रमाणे दाब या द्रवातून चारही चाकांपर्यंत सारखा पोचतो. द्रव जवळजवळ दबतच नाहीत, म्हणून हे जमते.

पण या द्रवाला एक खोड आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ना? तसाच हा द्रव हवेतले बाष्प शोषून घेतो. डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून, हळूहळू, वर्षानुवर्षे. नेहमीच्या डॉट-३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले, तर ही मर्यादा १४० अंशांवर येते. आमच्या गाडीतला द्रव किती जुना होता, हे सांगायलाही मला लाज वाटते. रंगावर आणि गाद्यांवर खर्च करताना शंभर-दोनशे रुपयांची ती बाटली बदलायचे आम्हाला सुचलेच नाही.

उतारावर तो द्रव उकळला आणि सिलिंडरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. वायू दबतो. मी पेडल दाबत होतो आणि माझ्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्ची पडत होता. अर्ध्या तासात ड्रम निवले, वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि पेडल घट्ट झाले. ब्रेक कुठेही मोडला नव्हता!

हे घरी पाहायचे असेल, तर सुई नसलेली इंजेक्शनची एक नवी पिचकारी घ्या. ती पाण्याने काठोकाठ भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलत नाही. आता आत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. माझ्या पायाला त्या वळणावर काय जाणवले, ते तुमच्या अंगठ्याला कळेल.

शंभर भागांचा हिशेब

त्या रात्री मी वहीत एक साधे गणित मांडले. गाडी रोज शाळेला न्यायची, तर रोज तिचे निदान शंभर भाग नीट चालले पाहिजेत: प्लग, पट्टा, वायरची टोके, नळ्या, वॉशर. प्रत्येक भाग शंभरातल्या ९९ दिवशी चालतो असे धरू. ऐकायला छान वाटते. पण सगळे एकाच दिवशी चालण्याची संभाव्यता काढायला ०.९९ ला स्वतःनेच शंभर वेळा गुणायला हवे. उत्तर येते ०.३७. म्हणजे शंभरातले ६३ दिवस मी रस्त्यात उभा! प्रत्येक भाग हजारात ९९९ दिवस चालला, तर हेच उत्तर ०.९० होते. प्रदर्शनातली गाडी आणि रोजची गाडी यांत फरक आहे तो इथे. रोजच्या गाडीत सर्वांत देखण्या भागाला महत्त्व नसते, सर्वांत दुबळ्याला असते. आणि दुबळा भाग बहुधा दोन निराळे पदार्थ एकमेकांना भेटतात तिथे सापडतो.

मग आम्ही गाडी पुन्हा उघडली. या वेळी रंगाच्या डब्याला हात लावला नाही.

पहिला सांधा विजेचा. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरायचे. बॅटरी नवी होती, तरीही. इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक जाड पट्टी येते. तिच्यातून अर्थिंग पुरे होते. तिच्या टोकाखाली गंज आणि जुना रंग साचला होता. त्या सांध्याचा रोध फक्त ०.०२ ओहम धरा. घरातल्या दिव्याला तो जाणवणारही नाही. पण सेल्फ फिरताना १५० अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. ओहमचा नियम लावा: १५० × ०.०२ = ३. बारा व्होल्टपैकी तीन व्होल्ट त्या गंजातच संपत होते. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास घासले आणि दुखणे गेले.

दुसरा सांधा अधिक नाजूक. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या, एक बिडाची आणि एक अॅल्युमिनियमची, ७० अंशांनी तापवल्या, तर बीड सुमारे ०.३१ मिलिमीटरने वाढते आणि अॅल्युमिनियम ०.६४ मिलिमीटरने. हा फरक मधले गॅस्केट मुकाट्याने सोसते. पण इंजिन फाजील तापले तर हेड वाकते आणि गॅस्केट जळते. आमचे इंजिन तापत होते ते पाण्यामुळे. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड. घरच्या तांब्याच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते तळाशी बसते. रेडिएटर उतरवून साफ केला आणि तेव्हापासून शुद्ध पाणी व कूलंट यांखेरीज त्यात काही घातलेले नाही. वडील मात्र गावोगावच्या हापशाचे पाणी भरत. त्यांच्या वेळी दुसरे काही मिळतही नव्हते.

तिसरा सांधा पेट्रोल आणि रबराचा. यात आमच्या माळशिरस तालुक्याच्या उसाचा संबंध येतो. साखर कारखान्यातल्या मळीपासून इथेनॉल होते, हे इथल्या मुलांना सांगायला नको. २०२५ पासून देशभरच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. पद्मिनीचा आराखडा झाला तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. जुन्या जातीच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग त्यांना चिरा जातात. गरम इंजिनाशेजारी चिरलेली पेट्रोलची नळी म्हणजे आगीला निमंत्रण. शिवाय इथेनॉलही पाणी ओढते, आणि टाकीतला जुना गंज व राळ सुटून कार्ब्युरेटरमध्ये येते. म्हणून टाकी उतरवून धुतली, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या आणि दोन फिल्टर लावले.

एवढ्यावर भागत नाही. पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला ९ ग्रॅम पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा १३.५ च्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेत आता ९ टक्के जास्त इंधन गेले पाहिजे. नव्या गाडीतला संगणक हे स्वतः करतो. आपल्याला जेट बदलावा लागतो. जेट म्हणजे बारीक छिद्राची पितळी टोपी. तिच्यावरचा आकडा साधारणपणे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ११५ च्या जागी १२० चा जेट घातला, तर छिद्राचे क्षेत्रफळ किती टक्के वाढेल? व्यासाचा वर्ग घ्यायला विसरू नका.

गंजाबद्दल फार लिहीत नाही. या गाडीला वेगळी चौकट नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दारांखालचा आणि तळाचा पत्रा कुजला तर तो कापून नवा जोडलाच पाहिजे. त्यावर पुट्टी भरून रंग मारणे ही शुद्ध फसवणूक आहे. आमच्या कोरड्या मुलखाने एवढी कृपा केली, की कुजलेला भाग वहीच्या पानाएवढाच निघाला. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी घेणाऱ्याने मात्र आधी खाली वाकून पाहावे.

दोन धोके सांगायलाच हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. भक्कम स्टँड लावल्याशिवाय आमचे मिस्त्री मला हातसुद्धा घालू देत नसत. आणि जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा तिथली धूळ फुंकून उडवू नका. ती ओल्या फडक्याने पुसावी.

अशी गाडी नव्या गाडीइतकी सुरक्षित होते का? नाही. पट्टे मी बसवून घेतले, पण तिला हवेच्या उशा नाहीत, आणि तिचा धूरही नव्या गाडीपेक्षा वाईटच. नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि धुराची तपासणी वेळच्या वेळी करतो आणि गाडी सावकाश चालवतो. माउलींची पालखी नातेपुत्याला येते त्या दिवसांत ती शेडमधून बाहेरच काढत नाही. त्या गर्दीत ती तापेल, आणि रस्ता तेव्हा तिचा नसतोच. एरवी दोन वर्षे झाली, ती मला रोज शाळेत नेते. त्या काळात दोनदा ती रस्त्यात थांबली: एकदा डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर गेला म्हणून, आणि एकदा मीच पेट्रोल भरायला विसरलो म्हणून.

यंदा चैत्रातली यात्रा ओसरल्यावर आम्ही पुन्हा शिंगणापूरला गेलो. ब्रेकमधला द्रव ताजा होता, त्याची तारीख डबीवरच लिहिली होती. उतरताना गाडी पहिल्यापासून दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, म्हणजे ऊर्जेचा बराच भाग इंजिनाने खाल्ला. पायथ्याशी थांबून मी ओल्या फडक्यातून ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकले. ते चर्र झाले नाहीत, नुसते हळूहळू वाळले. पेडल घट्ट होते.

आई याही वेळी पुढच्याच सीटवर होती. तिने डोळे उघडून विचारले, "संपला का उतार?"