थ्रीडी फोटोसाठी मोबाइल किती सरकवायचा?

मालेगावच्या भुईकोट किल्ल्याचा थ्रीडी फोटो काढायला एकच मोबाइल पुरतो. एक फोटो काढा, मोबाइल न वळवता बाजूला सरकवा, दुसरा काढा. पण किती सरकवायचा? आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. तेवढंच सरकवलं तर 30 मीटरवरची तटबंदी सपाटच वाटते. ढोबळ नियम असा: फ्रेममधली सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याचा तिसावा भाग. म्हणजे इथे 1 मीटर. मात्र 3 मीटरवर कुणाची बाइक उभी असेल, तर 10 सेंटीमीटरच. नाहीतर बघताना डोळ्यांवर ताण येतो. (त्यापेक्षा बाइक हलवायला सांगणं सोपं!) झूम केलंत तर आणखी कमी. यंत्रमागावर मात्र ही युक्ती फसते. दुसऱ्या फोटोपर्यंत धोटा भलतीकडे गेलेला असतो. तिथे दोन कॅमेरे एकाच क्षणी चालवावे लागतात.