विद्युत् पुरवठा एकक, संगणकाचे

वीजपुरवठ्याच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचे संगणकातील मंडलांना लागणाऱ्या कमी दाबाच्या एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणारे साधन. भारतीय बाजारात ते ‘एसएमपीएस’ या आद्याक्षरांनी परिचित आहे. हे एकक निकामी झाल्यास संगणक बंद पडतो. परंतु त्याजागी विजोड एकक बसविल्यास सुस्थितीतील मंडलेही जळू शकतात. म्हणून नव्या एककाची निवड व जोडणी यांना विशेष महत्त्व आहे.

कार्यतत्त्व : २३० व्होल्ट पुरवठ्याचे एककात प्रथम एकदिशीकरण होते. त्यातून मिळणारा सु. ३२५ व्होल्टचा दाब धारित्रांत साठविला जातो. नंतर ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा खंडित करून रोहित्रातून नेतात. कंप्रता उच्च असल्याने लहान व हलके रोहित्र पुरते. पुन्हा एकदिशीकरण व गाळण होऊन ३·३, ५ व १२ व्होल्ट हे प्रमुख दाब मिळतात. संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा एक राखीव दाब चालू राहतो. प्रमुख दाबांत ५ टक्क्यांहून अधिक चढउतार होता कामा नये. म्हणजे १२ व्होल्टचा दाब ११·४ ते १२·६ व्होल्ट या मर्यादेत राहावा लागतो. दाब स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यावरच मदरबोर्ड कार्य सुरू करतो.

प्रमाणीकरण : आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाचे एकक ६३·५ वॉटचे, तर १९८४ मधील एटी संगणकाचे १९२ वॉटचे होते. त्यांच्या मदरबोर्डाला दोन सारखे कनेक्टर शेजारीशेजारी जोडावे लागत. दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी एकत्र याव्या लागत. अदलाबदल झाल्यास मदरबोर्ड निकामी होई. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकात त्याऐवजी एकाच बाजूने बसणारा २० टाचण्यांचा एकच कनेक्टर आला. पुढे तो २४ टाचण्यांचा झाला. तथापि त्यानंतरही काही उत्पादकांनी तोच कनेक्टर ठेवून तारांचा क्रम मात्र वेगळा ठेवला होता. कनेक्टर बसतो, एवढ्यावरून विद्युत् दृष्ट्या मेळ आहे असे सिद्ध होत नाही.

निवड : प्रथम दोष एककातच आहे याची खात्री करावी. पंखा फिरणे हा एकक चांगले असल्याचा पुरेसा पुरावा नव्हे. बहुमापकाने दाब मोजावेत. नव्या एककाचे आकारमान कॅबिनेटला जुळावे. नेहमीचे एटीएक्स एकक १५० मिमी. रुंद व ८६ मिमी. उंच असते, लांबी मात्र बदलती असते.

शक्तीचा अंदाज घटकांच्या गरजांच्या बेरजेवरून करतात. उदा., प्रक्रियकास १००, ग्राफिक्स कार्डास १५० व इतर भागांस ५० वॉट लागत असल्यास एकूण गरज ३०० वॉट होते. क्षणिक वाढ व भावी भर लक्षात घेता ४५० वॉटचे एकक योग्य ठरेल. केवळ एकूण वॉट पाहून चालत नाही. प्रक्रियक व ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने १२ व्होल्टवर चालतात. वरील उदाहरणात त्या दाबावर सु. २१ अँपिअर प्रवाह लागेल. म्हणून एककावरील तक्त्यात १२ व्होल्टपुढील अँपिअरचा आकडा पाहावा.

कार्यक्षमता ८० टक्के असल्यास ३०० वॉट देण्यासाठी ३७५ वॉट घ्यावे लागतात व ७५ वॉटची उष्णता होते. ९० टक्के असल्यास ही उष्णता सु. ३३ वॉट असते. उष्णतेने धारित्रांचे आयुष्य घटते, म्हणून कार्यक्षम एककात केवळ विजेचीच बचत होते असे नाही.

बसविण्याची पद्धत : संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी. जोडण्यांची नोंद ठेवून सर्व कनेक्टर सोडवावेत, मागील स्क्रू काढावेत व जुने एकक बाहेर घ्यावे. नवे एकक पंख्यास हवा मिळेल अशा रीतीने बसवावे. प्रक्रियकाचा व ग्राफिक्स कार्डाचा आठ टाचण्यांचा कनेक्टर दिसण्यात सारखे असले, तरी त्यांतील धन व ऋण तारांची मांडणी परस्परविरुद्ध असते. त्यामुळे कोणताही कनेक्टर जोर लावून बसवू नये. खटका लागेपर्यंत तो पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट बसल्यास संपर्कस्थान तापून वितळू शकते.

ज्या एककांच्या तारा सुट्या करता येतात, त्यांत जुन्या तारा नव्या एककास कधीही लावू नयेत. घटकाकडील टोक प्रमाणित असते. एककाकडील टोकाचा क्रम मात्र उत्पादकागणिक, कधीकधी एकाच उत्पादकाच्या निरनिराळ्या नमुन्यांतही, भिन्न असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यास डिस्क व तीतील माहिती दोन्ही नष्ट होऊ शकतात. जुन्या एककांवर ११५ व २३० व्होल्ट निवडणारी कळ असते. भारतात ती २३० वरच हवी. भूसंपर्कन असलेल्या तीन टाचण्यांच्या प्लगचाच वापर करावा.

एककाची पेटी घरी उघडू नये. वीज तोडल्यानंतरही धारित्रांत प्राणघातक दाब काही काळ टिकून राहतो.